चिकटवण्यापेक्षा बांधा: गणपती ते दिवाळी, थोडक्या पैशांत घरची सजावट

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. घर दोन खोल्यांचं, मुलगी सातवीत, मुलगा तिसरीत. गणपतीपासून दिवाळीपर्यंतची सजावट घरीच करायची आहे आणि सगळं मिळून हजाराच्या आत बसवायचं आहे. गेल्या वर्षी कार्डशीट, चमकी, ग्लू गन, मण्यांच्या लेस असं पुष्कळ आणलं. मखर तिसऱ्या दिवशी पुढे झुकलं, कंदील धनत्रयोदशीलाच एका बाजूने उकलला, आणि दोन्हींचे अवशेष अजून माळ्यावर आहेत. शेवटी विचारलंत, "बाई, नेमकं काय विकत आणायचं आणि काय नाही?"

काय आणायचं नाही ते आधी सांगते, कारण तुमचे पैसे तिथेच गेलेत. ग्लू गन, चमकी, तयार लेस आणि तो जाड चकचकीत कार्डशीटचा गठ्ठा. मी अठ्ठावीस वर्षं शाळेत कार्यानुभव शिकवला. दरवर्षी ऑक्टोबरमध्ये मुलं बिघडलेले कंदील घेऊन यायची, आणि त्यातले निम्मे गरम गोंदाचे असायचे. तो गोंद पाच सेकंदांत धरतो म्हणून सगळ्यांना आवडतो. पण बांबूच्या गुळगुळीत पाठीवर त्याची पकड वरवरची असते, आणि गॅलरीत दुपारचं ऊन लागलं की तो सैलावतो. कंदील उकलतो तो रात्री लावताना नाही, दुसऱ्या दिवशी दुपारी, घरात कोणी नसताना.

माझ्या मते घरची सजावट स्वस्त पडते ती सुटी करता येत असेल तरच. दोऱ्याने बांधलेली, खळीने डकवलेली, खाचेत अडकवलेली वस्तू सण झाला की मोकळी होते आणि पुढच्या वर्षी तिचा सांगाडा तसाच हाताशी असतो. पक्क्या गोंदाने एकजीव केलेली वस्तू माळ्यावर जाते आणि तिथून कचऱ्यात. दर वर्षी नव्याने खर्च होतो तो त्यामुळे. कोकणातली गणपतीवरची माटवी, गोव्यातली माटोळी आठवा. लाकडी चौकट वर्षानुवर्षं तीच, आणि तिला नारळ, सुपारीचे घोस, कवंडळं, शेरवडं, आंब्याचे टाळे असं जे रानात आणि परसात त्या आठवड्यात मिळेल ते बांधायचं. तिथे कोणी काही चिकटवत नाही.

तेव्हा पहिली वस्तू खळ. घरच्या मैद्याची. पाव वाटी मैदा थोड्या गार पाण्यात गुठळ्या मोडून कालवा, मग सगळं मिळून दीड वाटी पाणी होईल इतकं घाला आणि मंद आचेवर सतत ढवळत राहा. पांढरं पाणी हळूहळू अर्धपारदर्शक होतं आणि चमच्यावरून जाडसर धारेने पडायला लागतं. तिथे गॅस बंद. गार झाल्यावर ती आणखी घट्ट होते, म्हणून भांड्यात "अजून जरा पातळच आहे" असं वाटत असतानाच उतरवा. चिमूटभर तुरटीची पूड घातली तर दोन दिवस बाहेर टिकते, फ्रिजमध्ये चार-पाच. पुस्तकं बांधणारे खळीत मोरचूद घालत, कसर लागू नये म्हणून. पण मोरचूद विषारी आहे. तुमच्या घरात तिसरीतला मुलगा आहे, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका.

खळीचे दोन गुण फेविकॉलमध्ये नाहीत. एक म्हणजे डकवलेला कागद मिनिटभर सरकवता येतो, त्यामुळे सुरकुती काढायला वेळ मिळतो. दुसरा गुण पुढच्या वर्षी कळतो. ओलं फडकं दहा मिनिटं गुंडाळून ठेवलं की कागद सुटून येतो आणि काडी जशीच्या तशी हाती लागते. अवगुणही सांगून टाकते. झुरळं आणि उंदीर खळीवर तुटून पडतात, त्यामुळे कागद लावलेला कंदील जपून ठेवायच्या भानगडीत पडू नका. जपायचा तो सांगाडा.

आता कंदील. यावर मी जरा जास्त बोलणार आहे, कारण एकदा हा जमला की बाकीचं सगळं त्यातच येतं.

चांदणी, पायली, विमान असे शंभर आकार आहेत. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी एक चक्कर मारलीत तर डोकं गरगरेल. पण घरी पहिल्यांदा करणाऱ्याने सहा चौकोनांचा कंदील करावा. का, ते बघा. बांबूच्या कामट्यांचे सहा सारखे चौकोन बांधायचे आणि ते कडांनी नाही, फक्त कोपऱ्यांनी एकमेकांना जोडायचे. एका कोपऱ्याला दुसऱ्या चौकोनाचा एकच कोपरा. सहाही जोडून झाले की मधल्या मोकळ्या जागा आपोआप त्रिकोणी होतात. असे आठ त्रिकोण मिळतात आणि त्यांच्यासाठी एकही वेगळी काडी लागत नाही. चोवीस काड्यांत चौदा बाजूंचा कंदील. आमच्या वर्गात गणिताच्या बाई मुद्दाम हा तास बघायला यायच्या.

मापं अशी. काडी २२ सेंटिमीटर कापा आणि दोन्ही टोकांपासून एकेक सेंटिमीटर सोडून गाठ मारा, म्हणजे गाठीपासून गाठीपर्यंत २० सेंटिमीटर उरतात. चौकोन बांधला की दोन्ही कर्ण मोजा. दोन्ही २८ सेंटिमीटरच्या किंचित वर आले पाहिजेत. एक सत्तावीस आणि दुसरा साडेएकोणतीस येत असेल तर चौकोन कलंडला आहे, गाठ ओली असतानाच दाबून सरळ करा. पुरा झालेला कंदील २८ सेंटिमीटर उंच आणि सर्वांत रुंद जागी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत ४० सेंटिमीटर होतो. दोन खोल्यांच्या घराच्या गॅलरीला एवढा पुरे. गॅलरीची रुंदी बघून कंदील करावा, शेजाऱ्यांचा कंदील बघून नाही.

कामट्या बुरुडाकडे मिळतात. पुण्यात बुरूड आळी आहे, आणि बहुतेक गावांत टोपल्या-सुपांचं एखादं तरी दुकान असतं. त्याला "कंदिलाच्या काड्या" म्हटलं की पुढचं सांगावं लागत नाही. सगळं मिळून सहा मीटर काडी लागते, सात घ्या. जाडी चार-पाच मिलिमीटर. प्रत्येक काडी दोन्ही हातांनी हलकी वाकवून बघा. कमान सारखी आली तर चांगली, एका जागी कोन करून वाकली तर तिथे ती पुढे मोडणार. काड्यांना पॉलिश पेपर मारल्याशिवाय मुलांच्या हातात देऊ नका, बांबूचं कुसळ बोटात गेलं की दिवाळीचा फराळही गोड लागत नाही. बुरूड सापडला नाही तर खराट्याचे हीर चालतात, पण मग काडी १२ सेंटिमीटरच्या वर नको, हीर लवचीक असतात. परदेशातून माझी एक जुनी विद्यार्थिनी दरवर्षी फोटो पाठवते. ती बार्बेक्यूच्या बांबूच्या काड्या आणि भेटवस्तू गुंडाळायचा पातळ कागद वापरते, आणि तिचा कंदील माझ्यापेक्षा नीटस असतो.

बांधायला जाड सुती दोरा, पाण्यात भिजवून पिळलेला. दोन काड्या एकमेकींवर आडव्या ठेवून फुलीसारखे तीन वेढे एका दिशेने, तीन दुसऱ्या दिशेने, मग दोन काड्यांच्या मधून एक वेढा आवळून गाठ.  गाठीवर खळीचं बोट फिरवा. नायलॉनचा दोरा घेऊ नका, तो घसरतो.

आता जिथे निम्मे लोक घाबरतात ती जागा. सहा चौकोन जोडून झाले की सांगाडा डुगडुगतो. नुसता डुगडुगत नाही, हातात धरून पिळलात तर आतल्या आत आक्रसतो. "बाई, चुकलं!" असं वर्गात दहा आवाज एकदम यायचे. काहीही चुकलेलं नसतं. त्रिकोण स्वतःहून ताठ असतो, चौकोन नसतो. चौकोनाला तिरका आधार लागतो. म्हणून वरच्या आणि खालच्या चौकोनात कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत एकेक काडी कायमची बांधा. वरच्या काडीला कंदील टांगायचा, खालच्या काडीचा उपयोग झिरमिळ्यांच्या शेपट्यांना होतो. बाजूच्या चारही चौकोनांत दोन्ही तिरक्या दिशांनी बारीक दोरा ताणून बांधा. सांगाडा एकदम खणखणीत होतो. पुढे कागद लागून वाळला की तो कागदच तिरक्या आधाराचं काम करतो आणि दोरे कापून टाकता येतात. तुमचा कंदील धनत्रयोदशीला उकलला त्याचं निम्मं कारण गोंद असेल, पण निम्मं हे असणार, अशी मला दाट शंका आहे. हलणाऱ्या सांगाड्यावर कुठलाच गोंद टिकत नाही.

टांगून बघितलंत की लक्षात येईल, वरचा आणि खालचा चौकोन आडवा राहतो आणि बाजूचे चारही चौकोन कोपऱ्यावर उभे राहतात, पत्त्यातल्या चौकटसारखे. रंग ठरवताना हे डोळ्यांसमोर ठेवा. चार चौकटी एका रंगात, आठ त्रिकोण दुसऱ्या रंगात. बस. तिसरा रंग घ्यायचाच तर फक्त झिरमिळ्यांना, त्याचा ताव वेगळा. मुलगी म्हणेल प्रत्येक बाजूला वेगळा रंग हवा. एखाद्या वर्षी करू द्या, तिचं तिलाच दिसेल.

कागद पतंगाचा. जिलेटीन कागद दिवसा झगझगीत दिसतो, पण त्यातून आतला बल्ब डोळ्यात घुसतो. पतंगाचा कागद उजेड पसरवतो, आणि आख्खी बाजू उजळते. एका रंगाचे दोन, दुसऱ्याचे दोन असे चार ताव पुष्कळ होतात, त्यात एखादा तुकडा फाटला तरी चालतो. चौकोनाला चहूबाजूंनी सेंटिमीटरभर जास्त कापा, म्हणजे २२ बाय २२. त्रिकोणाची बाजू वीस आणि उंची सव्वासतरा येते, त्यालाही तेवढीच दुमड ठेवा. खळ कागदाला न लावता काडीला लावायची. कागद वरून अलगद टेकवायचा, मधून कडेकडे बोट फिरवायचं आणि दुमड काडीला वळवून आत घ्यायची. खालचा चौकोन मोकळा, वरचाही मोकळा. हवा खेळली पाहिजे.

पूर्ण वाळल्यावर कागद जरा ढिला वाटला तर एक युक्ती आहे. फवाऱ्याच्या बाटलीने दोन हात लांबून पाण्याचं अगदी हलकं धुकं सोडा आणि तसंच वाळू द्या. कागद ताणला जातो, टिचकी मारली तर टप् असा आवाज येतो. आधी एका तुकड्यावर करून बघा, गडद लाल आणि जांभळे कागद रंग सोडतात. मी एकदा पाहुण्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर याची परीक्षा घेतली आहे.

झिरमिळ्यांबद्दल एकच गोष्ट, पण ती कोणी सांगत नाही. कागदाला आडवा-उभा धागा असतो, कापडासारखाच. एक तुकडा दोन्ही दिशांनी हाताने फाडून बघा. एका दिशेने सरळ फाटतो, दुसऱ्या दिशेने वाकडातिकडा. ज्या दिशेने सरळ फाटतो त्या दिशेने पट्ट्या कापल्या तर झिरमिळ्या सरळ लोंबतात. उलट कापल्या तर दोन दिवसांत वळून गोळा होतात. ताव चार पदरी दुमडा, वर दोन बोटं जागा सोडून सेंटिमीटरभर रुंदीच्या पट्ट्या कापा. शेपट्या खालच्या चौकोनाच्या चारही बाजूंना आणि मधल्या चार कोपऱ्यांना. वारा सुटला की कंदील जिवंत होतो तो त्यांच्यामुळे, रंगीत दिव्यांच्या माळेने नाही.

आत बल्ब कोणता, हाही प्रश्न होता तुमचा. आमच्या लहानपणी चाळीसचा पिवळा बल्ब असायचा आणि कंदिलाच्या वरच्या कागदाला तपकिरी डाग पडायचे. आता पाच ते सात वॉटचा एलईडी लावा, उष्णता बरीच कमी. पण एलईडीची एक खोड आहे. त्याचा उजेड पुढे पडतो, मागचा अर्धा भाग अपारदर्शक असतो. बल्ब खाली तोंड करून लोंबकळला की कंदिलाचे खालचे चार त्रिकोण लखलखतात आणि वरचे चार काळोखे राहतात. बल्ब शक्य तितका वर घ्या किंवा तारेसारखी वात दिसणारा काचेचा एलईडी मिळतो तो घ्या, त्याचा उजेड सगळीकडे पडतो. लाल, केशरी, पिवळ्या कागदाला पिवळसर उजेड खुलतो. निळ्या-हिरव्याला पांढरा, नाहीतर निळा कागद मळकट दिसतो. बल्ब आणि कागद यांत निदान आठ-दहा सेंटिमीटर अंतर हवं. कंदिलाचा भार दोरीवर घ्या, वायरवर नाही. कंदील वायरला लटकवून वर्षानुवर्षं काही झालं नाही असं सांगणारे भेटतील. त्यांचं ऐकू नका. आणि कागदाच्या कंदिलात पेटती पणती कधीही ठेवायची नाही, फोटोपुरतीसुद्धा.

परतीचा पाऊस दिवाळीत आला तर कंदील आत घ्या, इतकंच. प्लास्टिकची पिशवी चढवलेला कंदील बघण्यापेक्षा दोन रात्री गॅलरी अंधारी राहिलेली परवडते.

आता मागे, गणपतीकडे. क्रमाने मखर आधी येतं खरं, पण मला कंदिलाचा मोह आवरला नाही.

मार्च २०१८ मध्ये राज्यात प्लास्टिक आणि थर्मोकोलच्या वस्तूंवर बंदी आली. त्या वर्षी गणपतीपुरती सवलत मागायला थर्मोकोलवाले उच्च न्यायालयात गेले, ती मिळाली नाही. मला थर्मोकोलची आठवण येत नाही. ते कोरायला सोपं होतं, पण पाचव्या दिवशी घरभर पांढरे दाणे आणि नंतर ते टाकायचं कुठे, हा प्रश्न. पुठ्ठा त्याहून चांगला आहे, फक्त त्याचा स्वभाव कळायला हवा.

खोकी विकत घेऊ नका. फ्रिज, कपाट, टीव्ही विकणाऱ्या दुकानात दुपारच्या वेळी जाऊन मागितलीत तर बहुतेक मिळतात. खोक्याचा पुठ्ठा म्हणजे दोन सपाट कागद आणि मध्ये नागमोडी कागद. त्या नागमोडीने नळ्या तयार होतात, कडेकडून बघितलं की दिसतात. खांब कापायचा तर नळ्या उभ्या आल्या पाहिजेत, तरच तो भार घेतो. तुमचं मखर पुढे झुकलं तिथे त्या आडव्या असणार. कार्डशीट असेल तर मग बोलायलाच नको, त्यात नळ्याच नाहीत. कमान वळवायची तर उलट: एका बाजूचा सपाट कागद ओला करून सोलून काढा, पट्टी नळ्यांच्या रेषांवर घडत जाते आणि हवी तशी वळते.

मखराचे भाग खाचांनी जोडा. दोन खांब, एक पाठ, वरची कमान, खाली दोन आडव्या पट्ट्या. जिथे दोन भाग एकमेकांना छेदतात तिथे एकाला वरून निम्म्या उंचीपर्यंत आणि दुसऱ्याला खालून निम्म्या उंचीपर्यंत खाच. खाचेची रुंदी पुठ्ठ्याच्या जाडीइतकी, केसभरही जास्त नको. मोठ्या झाल्या की मखर डुलतं, आणि मग माणूस गोंदाची बाटली शोधतो. खाचा मोठ्या माणसाने कापायच्या. पट्टी लोखंडी, कटरचं पातं नवं, आणि एका दमात आरपार न जाता तीन वेळा फिरवायचं. बोथट पात्याने जास्त कापतं, पुठ्ठा नाही, बोट.

पुठ्ठ्यावरची छपाई झाकायला रद्दीचा कागद खळीने डकवा. आणि आता जे सांगते ते अधोरेखित करून ठेवा: दोन्ही बाजूंनी डकवा. ओला कागद वाळताना आखडतो. एकाच बाजूला लावला तर तो पुठ्ठ्याला आपल्याकडे ओढतो आणि पाठ धनुष्यासारखी वाकते. दोन्हीकडून सारखा ओढला तर सरळ राहते. मागची बाजू कुणाला दिसत नाही म्हणून सोडून दिलेली मखरं मी इतकी पाहिली आहेत की लांबून बघून सांगू शकते. डकवल्यावर दोन पाटांमध्ये रात्रभर दाबून ठेवा. श्रावणातल्या दमट हवेत वाळायला दोन दिवसही लागतात, म्हणून हे काम हरतालिकेच्या आदल्या रात्रीचं नाही, पंधरवडाभर आधीचं.

रंगाला पोस्टर कलरच्या बाटल्या महाग पडतात. हार्डवेअरच्या दुकानातून पांढऱ्या डिस्टेंपरचा लहान डबा आणि त्यात कालवायच्या दाट रंगाची, म्हणजे स्टेनरची, एखादी बाटली आणा. त्यातून दोन मखरं, पंधरा पणत्या आणि तुळशीवृंदावन निघतं. त्याहून स्वस्त म्हणजे गेरू. गेरूत थोडी खळ कालवली की तो हाताला लागत नाही. गेरूवर पांढऱ्या रेघांची नक्षी फार सुंदर दिसते आणि लहान मुलांनाही जमते. इथे एक सूचना, रागावू नका. हल्ली गेरू दिसला की लोक वारली चित्रं काढतात. माणसं, झाडं, नाच काढा की, जिव्या सोमा मशे यांच्यासारख्या कलावंतांमुळे ती चित्रं सगळ्यांपर्यंत पोचली आहेत. पण त्यातला पालघट देवीचा चौक लग्नघरात सुवासिनी विधीने काढतात. तो उचलून आपल्या मखराच्या पाठीवर नक्षी म्हणून काढू नये, असं मला वाटतं. आपली रांगोळी आहेच. ठिपक्यांची गोपद्मं, शंख, कमळ, ज्ञानकमळ हे सगळं पांढऱ्या रेघेत गेरूवर शोभतं.

विसर्जन झाल्यावर खाचा सोडवा, भाग एकावर एक ठेवून जुन्या चादरीत गुंडाळा आणि गादीखाली सरकवा. माळ्यावर नको, तिथे वर काहीतरी ठेवलं जातंच. पुढच्या वर्षी फक्त रंग बदला. माझं एक मखर नऊ वर्षं चाललं, शेवटी नातवाने दुकान-दुकान खेळायला त्याची टपरी केली.

मधल्या काळात दसरा येतो, आणि त्याला कागदाची फुलं करू नयेत. झेंडू असताना क्रेपचा झेंडू कशाला? तोरणाला सुईदोराही लागत नाही: सुतळीचा पीळ बोटांनी जरा उलगडायचा, आंब्याच्या पानाचं देठ त्यात सरकवायचं आणि पीळ सोडायचा. पान धरून राहतं. मुलाला हे काम द्या, त्याला फार आवडेल. पताका मात्र कागदाच्या हव्यातच. पतंगाच्या कागदाचे जे तुकडे कंदिलातून उरतील त्यांच्या करा, वरची कड दोऱ्यावर दुमडून खळीने डकवा. म्हणजे दिवाळीत काही वेगळं आणायला नको.

किल्ल्याचं तुम्ही विचारलं नाहीत, पण दोन मुलं असलेल्या घरात तो होणारच. एका जुन्या ताटावर किंवा पाटावर छोटासा करा. आत विटांचे तुकडे आणि उलटे डबे, वरून चिखलात बुडवलेलं गोणपाट, त्यावर मातीचा हात. हळीव किंवा मोहरी दिवाळीच्या आधी आठवडाभर पेरा आणि पाणी शिंपडत राहा, पहिल्या अंघोळीपर्यंत डोंगर हिरवा होतो. मावळे मात्र विकतचे आणा. मातीचे मावळे करायला घेतले की ते नेहमी गडापेक्षा मोठे होतात.

आता खरेदी. कामट्या, पतंगाच्या कागदाचे चार ताव, सुती दोऱ्याचं एक रीळ, सुतळीचा गुंडा, डिस्टेंपरचा लहान डबा, स्टेनरची बाटली, गेरू, पॉलिश पेपर, कटरची नवी पाती, एलईडी आणि वायर लावलेला होल्डर. मैदा, तुरटी, रद्दी घरचीच. सहाशेच्या आसपास व्हावं, गाव आणि दुकान पाहून थोडं इकडेतिकडे. कागद मुंबईत अब्दुल रहमान स्ट्रीटला, पुण्यात बोहरी आळीत स्वस्त मिळतो, पण चार तावांसाठी डोंबिवलीहून लोकलने जाऊ नका, कोपऱ्यावरच्या स्टेशनरीवाल्याला आठ दिवस आधी सांगून ठेवा. हजारातले चारशे उरतील, आणि पुढच्या वर्षी एवढाही खर्च नाही, कारण तेव्हा तुम्हाला फक्त कागद आणि दोरा लागेल.

कामाची वाटणी अशी करा. सातवीतल्या मुलीला गाठी आणि कर्ण मोजणं. तिसरीतल्याला खळ लावणं आणि झिरमिळ्या कापणं, बोथट टोकाच्या कात्रीने. पातं तुमच्या हातात. कंदिलाला एकूण दोन रविवार धरा: एक सांगाड्याचा, एक कागदाचा. मध्ये आठवडा गेला तर बिघडत नाही, गाठी नीट वाळतात.

आणि सामान आणण्याआधी माळ्यावरचा गेल्या वर्षीचा कंदील खाली काढा. त्याच्या आत काड्यांचा सांगाडा असेल तर कागद ओरबाडून टाका आणि गोंदाचे गोळे जिथे आहेत तिथे हाताने वाकवून बघा, गुळगुळीत बांबूवरून ते बरेचदा अखंडच निघून येतात. निघाले तर काड्या मोजा. बावीस सेंटिमीटर किंवा त्याहून लांब अशा जितक्या मिळतील तितक्या चोवीसमधून वजा करा आणि उरलेल्या, अधिक तिरक्या आधाराच्या दोन, एवढ्याच बुरुडाकडून आणा.